हरणाऱ्याचा नियम

एक्का-राजा-राणी मोठी की एक्का-दुर्री-तिर्री, यावरून घरोघरी भांडणं होतात. ओतूरच्या एका पत्र्याच्या ओसरीवर मात्र हा प्रश्न कायमचा निकालात निघाला होता, आणि तो निकाल माझ्या विरुद्ध गेला होता. मी नुकतीच त्या घरात भाड्यानं राहायला आले होते. तीन पानी खेळताना माझ्या हातात एक्का-राजा-राणी आली आणि समोर बसलेल्या घरमालकांच्या दोस्ताच्या, चाचांच्या, हातात एक्का-दुर्री-तिर्री. मी हक्कानं शेंगदाण्यांच्या ढिगाकडे हात नेला, तर घरमालकांनी तो मधेच अडवला.

"थांबा बाई. राजा-राणीला येका जागी ऱ्हायाला काय लागतंय? नोकरचाकर असत्यात त्यांना. दुर्री-तिर्रीनं धरून ऱ्हायाचं म्हंजी जिगर लागती. ह्या घरात दुर्री-तिर्री मोठी."

"अहो, बाहेर सगळीकडे एक्का-राजा-राणीच मोठी धरतात," मी म्हणाले.

"बाहेरचं बाहेर," मालक म्हणाले आणि तो सगळा ढीग त्यांनी ओंजळीनं चाचांपुढं ओतला. मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवत होते, पण या घराची सीमा नेमकी कुठून सुरू होते ते मला त्या दुपारी कळलं.

मालकांनी सारी हयात बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात दलाली केली होती. तिथं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातावर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. एकदा बोट दाबलं की ते फिरवायचं नाही, हा तिथला धर्म. हळूहळू म्हातारपण आलं, बाजार सुटला, पण रुमाल काही सुटला नाही. मोठा, लाल ठिपक्यांचा, धुऊन धुऊन विरलेला तो रुमाल त्यांच्या खांद्यावर कायम असायचा आणि कुठलाही भाव मोठ्यानं बोलायला त्यांची जीभ तयार नसायची. औषधाच्या दुकानातसुद्धा ते काउंटरवर रुमाल पसरायचे. दुकानदार बिचारा गोळ्यांची किंमत त्याखाली बोटांनी सांगायचा आणि मागं रांग लागायची. त्यानं एकदा मोबाइलवरनं पैसे द्यायचा चौकोनी फलक पुढं केला, तर मालक म्हणाले, "ह्याला हात कुटं हाय?"

माझं भाडं ठरलं तीही एक गंमतच. परक्या बाईचा हात रुमालाखाली धरणं त्यांना कसं जमायचं? म्हणून त्यांनी मला सांगितलं, वडिलांना आणा. माझे वडील निवृत्त पोस्टमास्तर, साधासरळ माणूस. मालकांनी त्यांचा हात रुमालाखाली घेतला, दोघं बराच वेळ आभाळाकडे बघत बसले, मग मालक समाधानानं म्हणाले, "ठरलं." बाहेर आल्यावर मी वडिलांना विचारलं, किती ठरलं? ते म्हणाले, "मला काय माहीत? त्यांनी बोटं दाबली, मीही दाबली." मालकीणबाईंनी हळूच आकडा सांगितला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. भाव वाजवीपेक्षा कमीच निघाला, कारण माझ्या वडिलांनी भांबावून एक बोट कमी दाबलं होतं आणि दाबलेलं बोट फिरत नाही.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर डाव बसायचा. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे मी मोकळीच असायची. चाचा जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे. बाजारात कासरे, वेसणी आणि घुंगरमाळा विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि मालकांशी दोस्ती करण्यात. चौथे आमचे वायरमन. त्यांचा फोन सारखा वाजायचा, कारण कुणाच्या ना कुणाच्या मोटारीचा फ्यूज उडालेला असायचा.

पैसा लावायचा नाही, हा घरचा पहिला नियम. तो चाचांमुळे आला. फार पूर्वी चाचा म्हणाले होते, "भाऊ, पानं खेळतो, पण जुगार आमच्यात चालत नाही." मालकांनी वाद घातला नाही. ते आत गेले आणि सुपात शेंगदाणे घेऊन आले. "शेंगदाण्याला तरी कुणाची हरकत नसंल," असं म्हणून त्यांनी दाणे वाटले. चाचा जिंकलेले दाणेही घरी न्यायचे नाहीत, जाताना मालकांच्या शेळीपुढं टाकायचे. त्या ओसरीवर सगळ्यात जास्त जिंकली असेल तर ती शेळी.

दाणे आले म्हणजे खाणं आलं. वायरमन डाव चालू असताना मधला ढीग खायचे. भाजलेले दाणे बंद करून कच्चे ठेवले, तेही खाल्ले. शेवटी मालकांनी तोड काढली. आमच्याकडे पान न बघता खेळणारा आंधळा, त्यानं एक दाणा टाकायचा आणि बघून खेळणाऱ्यानं दोन. मालक म्हणाले, "ढिगातला दाणा खाल्ला की आंधळ्याला दिसायला लागलं असं धरायचं. त्यानं दोन टाकायचं." वायरमन त्यानंतर कायम डोळस खेळले, पण खायचे काही थांबले नाहीत.

एकाच पद्धतीनं खेळायचा मालकांना कंटाळा. त्यांनी डावांना गावांची नावं दिली होती. ओझर म्हणजे गड्डीतलं वरचं पान उघडं करायचं आणि तसली सगळी पानं जोकर धरायची. "ज्याच्याकडं काय नाय त्याचं विघ्न हरतंय," हे त्यावरचं स्पष्टीकरण. ओतूर म्हणजे बाजारपेठ, तेव्हा प्रत्येकानं शेजाऱ्याशी एक पान बदलायचं. बेल्हे म्हणजे अर्थातच रुमाल, दाणे किती लावणार ते बोटांनी सांगायचं. माझ्याशी गाठ पडली की बोटांऐवजी दाणेच रुमालाखाली सरकवायचे.

आणि आंबेगाव. हा डाव मालकीणबाईंचा. त्यांचं माहेर जुनं आंबेगाव, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. या डावात प्रत्येकानं आपलं एक पान न बघता पालथं ठेवायचं आणि अगदी शेवटी उघडायचं. तोवर ते पान पाण्याखाली. मालकीणबाई ते उघडण्याआधी पदरानं पुसायच्या. "ओलं झालं आसंल," म्हणायच्या आणि आम्ही हसायचो. त्या गेल्या आणि नंतर आंबेगाव कुणी मागितला नाही. तो मागायचा नाही असा नियम कुणी केला नव्हता, तरी सगळ्यांनी तो पाळला.

नियम लिहून ठेवू या, म्हणजे भांडणं होणार नाहीत, असं मी सुरुवातीला सुचवलं होतं. मालकांना ते मुळीच पटलं नाही. "बाई, लिव्हलेल्या नियमाला वकील लागतोय. बोललेल्याला माणूस पुरतोय."

पण या सगळ्या नियमांचा राजा वेगळाच होता. डाव जिंकणाऱ्याला दाणे मिळायचे, आणि हरणाऱ्याला मिळायचा नियम. म्हणजे ज्याच्याकडं सगळ्यात हलकी पानं निघाली त्यानं एक नियम सांगायचा आणि तो पुढचा डाव होईपर्यंत सगळ्यांनी पाळायचा. मालकांचं म्हणणं असं, की बाजारातनं माणूस नाराज होऊन गेला तर तो परत येत नाही. त्याच्या हातात काहीतरी देऊन पाठवावं. ऐकायला हे फार उदात्त वाटतं, पण प्रत्यक्षात व्हायचं असं, की जिंकायचं कुणालाच नसायचं. चाचांनी एकदा हरून सगळ्यांना उभ्यानं खेळायला लावलं. मी एकदा हरून, कुणी फोन उचलायचा नाही असं ठरवलं, आणि त्या दुपारी निम्म्या ओतूरची वीज गेली ती गेलीच.

वायरमनांचं प्रकरण तर गाजलं. ते हरले आणि म्हणाले, "पुढला डाव हुईपातूर चहा मालकांनी करायचा." मालकांनी त्या वयापर्यंत चुलीकडं बघितलंही नव्हतं. पुढचा डाव वाटणार तोच फोन आला आणि वायरमन कुठंतरी ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून गेले. वादळाचे दिवस होते, ते पुढच्या खेपेलाही आले नाहीत. त्यांच्याशिवाय डाव वाटला तर नियम सुटला असता, पण मालक म्हणाले, "नियम त्याचा. त्यो न्हाई तर डाव न्हाई. डाव न्हाई तवर नियम जित्ता हाय." आणि वायरमन परत येईपर्यंत या माणसानं बायकोला, मला, येणाऱ्या-जाणाऱ्याला, दूधवाल्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला. चहा भयंकर असायचा. मालकीणबाई मात्र तो दिवसातनं चार वेळा मागून घ्यायच्या, आणि डाव आणखी लांबला तर बरं, असं मला खासगीत म्हणाल्या होत्या.

त्या गेल्यावर मालक तसेच राहिले, फक्त आवाज थोडा खाली आला. एकुलता मुलगा चाकणला कंपनीत, राहायला मोशीला फ्लॅटमध्ये. मुलगा गुणी होता. दर रविवारी फोन करायचा, औषधं पाठवायचा. आईनंतर त्यानं पत्त्यांना हात लावला नव्हता, एवढंच. मग एकदा मालक न्हाणीत चक्कर येऊन पडले. बादलीचा आवाज आला म्हणून मी धावले. त्यातच मागच्या उसात बिबट्या दिसल्याची बातमी. मुलाचा धीर सुटला. त्यानं सांगून टाकलं, आबा, आता तुम्ही मोशीला चला. आणि घर बंद ठेवून त्याची पडझड बघण्यापेक्षा देऊन टाकू. गिऱ्हाईकही तयार होतं. त्याला घर पाडून तिथं कांद्याची वखार घालायची होती.

माझी खोलीही त्यात जाणार होती, पण खोल्या मिळतात. माझा जीव तुटत होता तो मालकांसाठी. बाजारातल्या भल्याभल्यांना हात धरून बोलतं करणारा माणूस स्वतःच्या मुलापुढं "बघू" यापलीकडं शब्द काढत नव्हता.

एका रविवारी मुलगा आला. भर वैशाख, पत्रा तापलेला. चाचा आणि वायरमन मालकांना धीर द्यायला आधीच येऊन बसले होते. मुलगा म्हणाला, "आबा, पुढल्या आठवड्यात इसार घ्यायचाय. हो म्हणा नाय तर नाय म्हणा, पण येक काय ते सांगा."

मालकांनी पानांची गड्डी काढली. "बस. येक डाव टाकू. मी हारलो तर येतो तुझ्यासंगं. जिकलो तर पुन्हा इचारायचं नाय."

"असं पत्त्यावर ठरवत्यात का आबा?"

"मग कशावर ठरवत्यात? तू म्हनशील ते मला पटंना, मी म्हनतो ते तुला. दोघं बी खोटं नाय." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून पसरला आणि त्याखाली हात पुढं केला.

मुलगा पुढं सरकून बसला. मग त्यानं रुमालाखाली हात घातला. किती वर्षांनी त्यानं बापाचा हात असा हातात घेतला असेल कोण जाणे. दोघं एकमेकांकडे न बघता तसेच बसून राहिले. हात बाहेर काढला तेव्हा मुलाचा चेहरा उतरलेला होता; बापाचा हात किती वाळलाय ते त्याला तिथं कळलं असावं.

"कुठला डाव? ओझर का बेल्हे?" चाचांनी विचारलं.

"साधा. तीन पानं."

चाचांनी पानं पिसली आणि वाटली. मालकांनी आपली पानं उचलली, बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ती एकेक करून खाली ठेवली. एक्का. राजा. राणी.

वायरमनांनी मांडीवर थाप मारली. मला मात्र मुलाच्या हातातली पानं मागून दिसत होती. त्यानं ती खाली ठेवलीच नाहीत. मालक म्हणाले, "दाव की." तरी त्यानं पानं मिटूनच धरली. मग मालकांनीच हात लांब करून त्याच्या हातातली पानं घेतली आणि ओळीनं मांडली. एक्का, दुर्री, तिर्री.

मुलगा म्हणाला, "आबा, बाहेर सगळीकडं तुमचीच पानं मोठी धरत्यात. तुमी जिकला."

खरं सांगते, मला वाटलं हा माणूस आता तरी मान हलवील. एवढी एक मान हलवली की घर वाचत होतं, ओसरी वाचत होती, आणि मुलगा स्वतः पुढं करून देत होता. मालकांनी पानं गोळा केली.

"बाहेरचं बाहेर," ते म्हणाले. "ह्या घरात दुर्री-तिर्री मोठी. हारलो मी. येतो तुझ्यासंगं."

चाचांना ते सोसेना. ते मुलाला म्हणाले, "तू ढिगातला दाणा खाल्ला का रे? आठव बरं, खाल्ला असशील."

"मी खाल्ला," वायरमन लगेच म्हणाले. "लई खाल्ले."

"तू डावात व्हतास का?" मालक त्यांच्यावर खेकसले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. "हरणाऱ्याचा नियम राहिला," मी म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग समोरचा चहा उचलला आणि बशीत ओतून सावकाश संपवला. बशी खाली ठेवून म्हणाले, "हां. माझा नियम. पुढला डाव हुईपातूर ह्ये घर हाय तसं ऱ्हाईल. भिंतीला हात लावायचा नाय, कुणाला द्यायाचं नाय. बाईंची खोली बाईंची."

मुलगा हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला एवढंच समाधान हवंय. "बरं आबा, मान्य. चाचा, वाटा पुढचा डाव."

चाचांनी हात पुढं केला. मालकांनी गड्डी त्यांना दिली नाही. त्यांनी ती चौकोनी ठोकून सारखी केली, रुमालात ठेवली आणि रुमालाला गाठ मारली.

"आज नगं," ते म्हणाले. "पानं ओली हायेत."

वरनं पत्रा भट्टीसारखा तापलेला, अंगणात माती तडकलेली, आणि पानं म्हणे ओली. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. पहिल्यांदा उजेड पडला तो वायरमनांच्या डोक्यात. चहाची आठवण त्यांनाच सगळ्यात ताजी. ते असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. मग चाचा हसले, मग मी. मुलगा त्या गाठीकडे बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आबा, तुमी दलाल ते दलालच."

"हाय की," मालक म्हणाले आणि मोशीला न्यायची पिशवी भरायला आत गेले.

शब्द दिल्याप्रमाणे ते गेले. पण बेल्ह्याच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, तब्येत बरी असली की, सकाळच्या एसटीनं यायचे. ओसरीवर बसायचे, रुमालाची गाठ सोडायचे, पानं झकास पिसायचे, चाचांकडून कापून घ्यायचे, आणि पुन्हा गाठ मारून रुमाल कोनाड्यात ठेवायचे. कधी पानं ओली असायची, कधी त्यांना चष्मा सापडायचा नाही, कधी वायरमनांचं लक्ष नसायचं. मग आम्ही दाणे खात गप्पा मारायचो. बिनडावाच्या त्या दुपारींचं मला आधी हसू यायचं, नंतर त्या बघवेनाशा झाल्या. पानं पिसताना त्यांची बोटं वाटण्यासाठी अशी शिवशिवायची की मी नजर दुसरीकडं वळवायची. मोशीच्या सोसायटीतही म्हातारे पत्ते खेळतात, असं मुलाकडून कळलं होतं. मी म्हटलं, तिथं तरी बसत चला. मालकांनी तोंड वाकडं केलं. "तितं एक्का-राजा-राणी मोठी धरत्यात."

म्हणजे पत्त्यांवर जीव टाकणाऱ्या त्या माणसानं शेवटपर्यंत एकही डाव खेळला नाही. घर ठेवायचं तर खेळ सोडायचा, हा सौदा त्यांनी स्वतःशीच केला होता, आणि तो करताना समोर धरायला कुणाचा हात नव्हता.

गेल्या हिवाळ्यात ते मोशीलाच झोपेत गेले. सगळे विधी झाल्यावर मुलगा ओतूरला आला. मी अजून त्याच खोलीत राहते. चाचा जुन्नरहून आले, वायरमनही आले. मुलाचा फोन दोनदा वाजला. वखारवाला होता, त्याला अजूनही जागा हवी होती. मुलानं "सांगतो" म्हणून फोन ठेवला.

ओसरीच्या कोनाड्यात गाठ मारलेला रुमाल तसाच होता. त्यानं तो खाली घेतला, गाठ सोडली आणि पानं पिसली. अगदी बापासारखी, करंगळी बाहेर काढून. चाचांपुढं धरली, त्यांनी कापली. मी सुपात दाणे आणून मधे ठेवले. आम्हा तिघांनाही माहीत होतं की एक डाव वाटला की घर मोकळं झालं, आणि त्याचा त्याला हक्क होता.

"वाटू का?" चाचांनी विचारलं.

मुलानं वरचं पान उचललं. ते उलटं केलं नाही. आपल्या सदऱ्याच्या टोकानं ते दोन्हीकडून पुसलं, आई पुसायची तसं, आणि परत गड्डीवर ठेवून रुमालाला गाठ मारली.

"नगं चाचा," तो म्हणाला. "पानं अजून ओली हायेत."